थोमाईचा सायलेन्सर

आमच्या लारिसा शहरात उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर गेला की दोन जातीची माणसं रस्त्यावर दिसतात, वेडी आणि मोटरसायकलवाली. थोमाई दुसऱ्या जातीतली. पहिलीतलीही आहे असं तिचा नवरा म्हणतो, पण तो शहर बसचा ड्रायव्हर आहे, एसीत बसतो, त्याचं कोण ऐकणार.

मी झिसिस. वोलोस शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायलेन्सरचं दुकान आहे. थोमाई आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तेव्हाही ती माझ्याकडून गणित उतरवून घ्यायची नाही, स्वतःचं चुकीचं उत्तर ठामपणे लिहायची. पुढे ती नर्स झाली, वीस वर्षं मोठ्या दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, आणि पन्नाशीला आल्यावर स्वतःहून खेड्यांची फेरी मागून घेतली. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांकडे जायचं, इंजेक्शन द्यायचं, जखम धुवायची, छाती ऐकायची. तिची गावं कालव्यापलीकडची, चार. पुरात कालव्याचा पूल गेला, तेव्हापासून तिथे लोखंडी पायपूल आहे. मोटरसायकल त्यावरून जाते. चारचाकीला बावीस किलोमीटरचा वळसा. ती गाडीने गेली तर प्रत्येक म्हाताऱ्याच्या वाट्याला आठवड्यातून एक वेळ येते, मोटरसायकलने गेली तर तीन. हा हिशेब तिने नवऱ्याला इतक्या वेळा सांगितलाय की आता तो झोपेतसुद्धा 'तीन' म्हणत असेल.

तिची मोटरसायकल मोठी, इटालियन, दोन सिलिंडरची. बापाच्या ट्रॅक्टरवर शिकलेली बाई, तिला लहान यंत्र आवडत नाही. पण त्या मॉडेलची एक खोड आहे. दोन्ही सिलिंडरचे पाइप जिथे एकत्र येतात तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलाय, आणि ती जागा नेमकी उजव्या पोटरीच्या शेजारी. कन्व्हर्टर म्हणजे पाइपमधला एक जाड डबा, आत बारीक जाळी. इंजिनाचा विषारी धूर त्या जाळीतून जाताना जळून साफ होतो. धूर साफ होतो आणि डबा लाल होतो. आमच्या शहरात या मॉडेलच्या नऊ मोटरसायकली आहेत आणि नऊही मालकांच्या उजव्या पायावर केस नाहीत.

मागच्या जूनमध्ये ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर तळहाताएवढा फोड.

"जिथून विकत घेतलीस त्यांना विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाले, मॅडम, हे नॉर्मल आहे."

"मग?"

"मग मी म्हटलं, मी रोज भाजलेली माणसं बघते, मला नॉर्मल शिकवू नका. झिसिस, हा डबा काढ."

हे वाक्य माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. डबा काढणं बेकायदा आहे हे मला ठाऊक, तिला ठाऊक, आणि समोर कॉफी पिणाऱ्या वाहतूक पोलिसालाही ठाऊक, कारण त्याच्या स्वतःच्या गाडीचा मीच काढलाय. मला या कामाचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो. सरळ पाइप मी असा बसवतो की जोड बोटाला लागत नाही. वर पेट्रोल थोडं वाढवून देतो, म्हणजे इंजिन थंड चालतं. आवाजही भरदार येतो. लोक खूश, मी खूश.

बाकी सगळ्यांचे डबे मी कापून काढले होते आणि ते भंगारवाल्याकडे कधीच गेले होते. थोमाई मात्र म्हणाली, "कापायचं नाही. बोल्ट काढून अख्खा बाजूला ठेव. माझी वस्तू आहे." मी तो अख्खा पाइप खिळ्याला टांगला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते, धूर मोजतात, आवाज मोजतात. सरळ पाइपवाला त्यात नापास. म्हणून तपासणीच्या दिवसापुरता मूळ पाइप बसवायचा आणि संध्याकाळी काढायचा. आमच्या आजोबांच्या काळी म्हणे गावात एकच चांगला कोट असायचा, ज्याचं लग्न त्याने तो घालायचा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत द्यायचा. थोमाईचा पाइप खिळ्यावर आला त्याच आठवड्यात त्याचं नाव 'नवरदेवाचा कोट' पडलं. नऊ मोटरसायकली, कोट एक. तिनेही हसून परवानगी दिली. पंधरा दिवसांत तो कोट घालून दोघे पास झाले. तिसरा थ्रासोस, ट्रॅक्टरचे टायर विकतो, आवाज त्याच्या मोटरसायकलपेक्षा मोठा. त्याची तारीख जुलैच्या मध्यातल्या एका सोमवारची.

तिचा पाय पंधरा दिवसांत बरा झाला. एकदा दुकानात येऊन तिने मला चीजची पाई दिली आणि म्हणाली, "आता फक्त ऊन लागतं. उन्हाशी माझं भांडण नाही."

मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, ती परत आली. पाई नव्हती. हातात तिची वही होती. ती प्रत्येक म्हाताऱ्याचे मिनिटाला किती श्वास पडतात ते दर भेटीत लिहिते. वही तिने माझ्या बाकावर उघडून ठेवली, वंगणाच्या डागांवरच.

"हे रिझोस मास्तर. जूनपर्यंत बघ. एकोणीस, अठरा, वीस. आता बघ. पंचवीस, सत्तावीस, अठ्ठावीस."

रिझोस मास्तर. माझे मास्तर. वोलोस रस्त्यावरचा पहिला सायलेन्सरवाला, ज्याच्या हाताखाली मी पंधराव्या वर्षी लागलो आणि अकरा वर्षं राहिलो. चाळीस वर्षं त्यांनी तोंडाला फडकंसुद्धा न बांधता वेल्डिंग केलं, आणि आता पालिओमिलोस नावाच्या खेड्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसले होते. मी तीन वर्षांत त्यांच्याकडे गेलो नव्हतो. शेवटचा गेलो तेव्हा मी फुशारकीने सांगितलं होतं की हल्ली कन्व्हर्टर काढायचं काम जोरात आहे. ते म्हणाले, "मी तुला पाइप जोडायला शिकवलं. पोकळ करायला कुणी शिकवलं?" मला राग आला. राग धरून बसायला मला एवढं कारण पुरतं.

"म्हातारं माणूस आहे," मी म्हटलं. "उन्हाळा आहे. श्वास वाढणारच."

"मीही तेच म्हटलं. मग त्यांची बायको, स्तामुलो मावशी, मला म्हणाली, 'तू यायच्या आधी बरा असतो गं.' झिसिस, हे ऐकायला मी नर्स झाले का?"

मी हाताचं वंगण फडक्याला पुसलं.

"मग मी मोटरसायकल चर्चपाशी लावून चालत जायला लागले. तरी खोकला. पँट बदलून बघितली, तरी खोकला, कारण वास केसांत, हेल्मेटमध्ये, बॅगेत. न जळलेल्या पेट्रोलचा. मला येत नाही, सवय झाली. गुरुवारी टायर पंक्चर होता, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून वळशाने गेले. अर्धा तास बसले होते, एकदाही खोकले नाहीत. एकवीस." तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं. "माझ्या पायाची आग मी नेऊन त्यांच्या छातीत ठेवली. डबा परत बसव."

"त्यांना माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी म्हणाले, 'कुणी केलं हे?' मी नाव घेतलं नाही. तर हसले आणि म्हणाले, 'झिसिसला सांग, पेट्रोल फार सोडलंय.'"

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. पण खिळा रिकामा होता. कोट आदल्या संध्याकाळीच थ्रासोस घेऊन गेला होता आणि त्याच्या मागे अजून पाच जण रांगेत होते. सुट्टीवर निघायच्या आधी सगळ्यांना तपासणी आठवते. मी तिला म्हटलं, ऑगस्ट संपेपर्यंत थांब, सगळ्यांचं उरकू दे.

"ऑगस्ट संपेपर्यंत मास्तर थांबतील असं लिहून देतोस?" तिने वही मिटली आणि गेली.

रविवारी सकाळी आमची टोळी नदीकाठच्या कॅफेपुढे बसते. मोटरसायकली फुटपाथला ओळीने लागतात. त्या दिवशीही सगळे होते, आणि थ्रासोस कोट घातलेली मोटरसायकल घेऊन मिरवत आला, शहराला एक फेरी मारून, पाइप तापवून. थोमाई आधीच आलेली होती. तिने एक खुर्ची उचलली, थ्रासोसच्या मोटरसायकलच्या शेजारी फुटपाथवर ठेवली आणि बसली. पायाशी पाना आणि वर्तमानपत्राची घडी. थंड कॉफी मागवली.

"काय सिस्टर," थ्रासोस म्हणाला, "माझी मोटरसायकल आजारी आहे का?"

"नाही. पाइप गरम आहे. निवायची वाट बघतेय."

"निवल्यावर?"

"माझा पाइप काढून घेणार."

टेबलावर हसू पिकलं. कुणी म्हणालं, थ्रासोस, तुझ्या अंगावरचा कोट काढतायत रे. कुणी म्हणालं, सिस्टर, आतला सदरा तरी राहू द्या. ती सुद्धा हसली. पण उठली नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. लोकांना विनोद सुचेनासे झाले. एक बाई वर्तमानपत्राने वारा घेत एका पाइपकडे बघत बसलीय आणि सातआठ धटिंगण तिच्याकडे बघतायत, असं ते चाललं होतं.

"माझी तपासणी उद्या आठला आहे," थ्रासोस शेवटी म्हणाला. आता आवाज खाली आला होता.

"माझी फेरी उद्या साडेसहाला आहे."

"एक दिवसाचा प्रश्न आहे."

"मग परवा दुसऱ्याचा एक दिवस. मला माहीत आहे रांग कशी चालते, मी दवाखान्यात वीस वर्षं काढलीत."

"पण आपलं ठरलं होतं ना? सगळ्यांसमोर दिलास तू. आता असं मागे घेणं कायद्याने—"

"कायद्याचं तू बोलतोयस, थ्रासोस?"

यावर आमच्यातच बसलेला वाहतूक पोलीससुद्धा हसला. थ्रासोसने माझ्याकडे पाहिलं. "झिसिस, सांग ना हिला काहीतरी. तुझ्या खिळ्यावरचा माल आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, मला गप्प बसायचं होतं. हीच माझी गिऱ्हाइकं, यांच्यावर माझं दुकान चालतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तिच्या वहीतले आकडे होते, अठ्ठावीस वगैरे. मी म्हटलं, "माल तिचा आहे. आणि ती जिथे जाते ना, तिथे रिझोस मास्तर नळी लावून बसलेत. माझ्या पाइपमुळे खोकतायत. तुमच्यातल्या निम्म्यांना पहिला सायलेन्सर त्यांनीच बसवून दिलाय."

थोमाईने हाताची पालथी बाजू पाइपला लावून पाहिली, ताप बघतात तशी. मग वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, गुडघे टेकले आणि पाना लावला. दोन क्लॅम्प, तीन बोल्ट. तिसरा बोल्ट गंजून बसला होता. तिने सगळा जोर लावला, मान लाल झाली, पण कुणाला हाक मारली नाही. मी दुकानातून तेलाची कुपी आणली आणि येताना थ्रासोसचा सरळ पाइपही उचलून आणला, नाहीतर बिचारा घरी कसा जाणार. बोल्ट निघाला तेव्हा पाइपचं दुसरं टोक धरायला थ्रासोसच वाकला. तोंड आंबट करूनच, पण वाकला.

"उद्या नापास झालो तर दंड तुझ्याकडे पाठवीन," तो म्हणाला.

"पाठव. आणि छाती दाखवायला ये, फार घरघरतेय तुझी," ती म्हणाली.

त्याच दुपारी मी तो पाइप तिच्या मोटरसायकलला बसवला आणि वाढवलेलं पेट्रोल परत होतं तिथे आणलं. हे अर्ध्या तासाचं काम. खरं काम पुढे होतं. ती स्टुलावर बसली, पँट वर केली, जुन्या फोडाचा गुलाबी डाग मला दाखवला आणि म्हणाली, "आता याचं बघ. डबा राहणार आणि पाय भाजणार नाही. पाय माझा, डोकं तुझं."

"जाड पँट घाल."

"झिसिस."

एवढंच म्हणाली. मी उठलो. इतकी वर्षं मी या गरमीवर एकच औषध देत आलो होतो, डबा काढा. दुसरं काही शोधायची गरजच पडली नव्हती. रेडिएटर उघडला तर आत कापसाचे पुंजकेच पुंजके अडकलेले. आमचा सगळा सपाट मुलूख कापसाचा, हवेतच तंतू असतात, आणि मी, या मुलखात जन्मलेला माणूस, तो एकदाही उघडून बघितला नव्हता. साफ केला. पंखा लवकर सुरू होईल असं केलं. पाइपच्या वरच्या भागाला उष्णतेची पट्टी गुंडाळली. मग डब्यावर पोलादी पत्र्याची ढाल ठोकली, घट्ट. ती सोमवारची फेरी करून आली आणि काही न बोलता पोटरी दाखवली. आधीपेक्षा वाईट. पत्रा डब्याला चिकटून डब्याइतकाच तापला होता. ढाल कसली, तवा झाला होता. पस्तीस वर्षं धातूत घालवून मी शिकाऊ पोराची चूक केली.

"मास्तरांनी काय केलं असतं?" तिने विचारलं.

"मला थोबाडीत दिली असती."

"त्यानंतर?"

त्यानंतर मास्तर म्हणाले असते, हवेला जागा दे. पातळ अॅल्युमिनियम हवं होतं आणि डब्यापासून बोटभर लांब. तसा पत्रा माझ्याकडे नव्हता आणि आणायला तीन दिवस लागणार होते. ती घरी गेली आणि अर्ध्या तासात परत आली ती काखेत पाईची पातळ अॅल्युमिनियमची मोठी गोल परात मारून. सासूबाईंची, लग्नात मिळालेली.

"हिचं काय करायचं?"

"काप."

"सासूबाई?"

"त्या वर आहेत. वरून बघतील तेव्हा बघतील."

मी परात कापली. कडेची नक्षी तिने काढू दिली नाही. खाली भाजलेल्या मातीच्या जाड चकत्या ठेवून मी ती डब्यापासून बोटभर उचलून बसवली, पुढून वारा आत शिरेल आणि मागून निघेल अशी. बुधवारी ती म्हणाली, "तू माझ्या मागे बसून ये. साठ किलोमीटर झाल्यावर तूच हात लावून बघ." मला कळलं की साठ किलोमीटर कुठे पूर्ण होतात. मी मास्तरांकडे जायला घाबरत होतो, आणि तिला ते ठाऊक होतं.

सकाळी साडेसहाला निघालो. कालव्याचा पायपूल, मग एक गाव, दुसरं, तिसरं. ती आत जायची, मी बाहेर थांबायचो, परत निघालो की तिच्या पायाकडे बघायचो. आता ती मोटरसायकल इतकी हळू आवाजात चालत होती की गावातली कुत्री उठत नव्हती. पालिओमिलोसला पोचेपर्यंत साडेदहा झाले होते आणि अडतीस अंश. चर्चपाशी ती थांबली नाही. सरळ मास्तरांच्या फाटकाशी गेली, इंजिन बंद केलं आणि पँट वर केली. पोटरी लालसर होती. फोड नव्हता. मी परातीला हात लावला, गरम होती, पण हात ठेवता आला.

मास्तर तुतीखाली खुर्चीत बसले होते, नळी दारातून बाहेर आणलेली. फार वाळले होते. स्तामुलो मावशीने मला ओळखून ओढणीने डोळे टिपले.

"कोण आहे?" मास्तर म्हणाले. "सिस्टर, तुम्ही? मोटरसायकल कुठे? ऐकूच आली नाही."

"फाटकाशी आहे, मास्तर. आणि हा झिसिस."

मी वाकून त्यांचा हात घेतला. मला खूप काही बोलायचं होतं, बोललो ते एवढंच. "परत बसवला, मास्तर."

त्यांनी मान हलवली. माझा हात सोडला नाही, पण बघत होते फाटकाकडे. "ते चकचकीत काय आहे?"

"पाईची परात," थोमाई म्हणाली.

"हवा सोडलीय ना खाली?"

"बोटभर," मी म्हटलं.

"पहिल्यांदाच सोडलीस?"

"दुसऱ्यांदा."

ते हसले. मी छातीकडे बघत राहिलो, खोकल्याची वाट बघत. आला नाही. मग ते थोमाईला म्हणाले, "सिस्टर, तीन आठवडे झाले, तुम्ही ती चर्चपाशी सोडून येता. जन्मभर इंजिनं ऐकली मी. एकदा चालू करा."

थोमाईने घड्याळ पाहिलं. "एक मिनिट. तिथेच फाटकाशी. आणि मी मोजणार."

तिने मला किल्ली दिली. मी जाऊन इंजिन चालू केलं. ती मास्तरांच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली, नजर घड्याळावर, ओठ हलत होते. मास्तरांनी डोळे मिटले होते. मला ते मिनिट सरता सरेना.

तिने हात वर केला. मी इंजिन बंद केलं.

"वीस," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं.

मास्तरांनी डोळे उघडले. "मागच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह टकटकतोय, झिसिस. तुला ऐकू येत नाही?"

मला आलं नव्हतं. मी परत इंजिनाशी कान नेला. टकटकत होता.

"उद्या येऊन नीट करतो," मी म्हटलं. "इथेच. तुमच्यासमोर."

"पाना माझा आण," मास्तर म्हणाले. "तुझ्याकडेच आहे, अकरा नंबरचा. तीन वर्षं झाली, नेलास तो."